गोबरगॅस फुकट नसतो

(चंदीगड येथे भरलेल्या कार्यकर्ता अभ्यासवर्गात महाराष्ट्रातून आलेल्या रेल्वे व टपाल प्रतिनिधींपुढे केलेले भाषण)



मनमाड, भुसावळ, सोलापूर, पुणे, नागपूर अशा ठिकाणांहून गाडीत रात्री काढून तुम्ही इथवर आला आहात. कालपासून वेतन, पेन्शन आणि कंत्राटीकरण या विषयांवर वजनदार भाषणे झाली. आज सकाळी मला शेणावर बोलायला सांगितले आहे. हसा, हरकत नाही. पण तासाभराने तुम्ही उठाल तेव्हा हा विषय कालच्या विषयांपेक्षा वेगळा नव्हता, असे तुम्हाला वाटेल अशी माझी खात्री आहे.

मी शास्त्रज्ञ नाही. मी आर. एम. एस.चा माणूस. चौतीस वर्षे धावत्या गाडीत आणि फलाटावरच्या कार्यालयात टपालाची छाननी केली. या कामाने एक सवय लावली. पाकीट हातात आले की ते कुठून निघाले, कुठे जायचे आहे आणि मधे कोणाकोणाच्या हातून जाणार आहे, हे पाहायचे. गोबरगॅसकडेही मी त्याच सवयीने पाहतो. शेण गोठ्यातून निघते आणि चुलीवर निळी ज्योत होऊन पोहोचते. मधे ते कोणाच्या हातून जाते? पुस्तकात हा मधला हात सहसा नसतो. मला आज त्याच हाताबद्दल बोलायचे आहे.

शेणातून आग कशी निघते

आधी शास्त्र थोडक्यात पाहू. उकिरड्यावर शेण उघडे पडले की ते हवेत कुजते आणि त्याचे खत होते. तेच शेण पाण्यात कालवून बंद टाकीत ठेवले, हवा आत जाऊ दिली नाही, तर ते वेगळ्या रीतीने कुजते. हवा नसतानाच जगणारे सूक्ष्मजीव जनावराच्या पोटातून शेणाबरोबर आलेलेच असतात. त्यांची कामे वाटलेली असतात. पहिली टोळी शेणातला चोथा आणि इतर जड पदार्थ फोडून विरघळवते. दुसरी त्यापासून आम्ले तयार करते. शेवटची टोळी त्या आम्लांपासून आणि सुटलेल्या वायूंपासून मिथेन बनवते. आपल्या भाषेत सांगायचे तर ही तीन पाळ्यांची कार्यशाळा आहे. एक पाळी अडली की पुढची अडते. शेवटची पाळी सगळ्यांत नाजूक. टाकीत एकदम जास्त शेण लोटले किंवा भलतेच काही ओतले, तर आम्ल साठते, मिथेन करणारे जीव मरगळतात आणि शेगडी पेटत नाही.

जो वायू निघतो त्यात साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइडही थोडा असतो. प्रमाणाने थोडा, पण स्वभावाने घातक. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

या जिवांना ऊब लागते. ३० ते ३५ अंशांत ते जोमाने काम करतात. पंधरा अंशांच्या खाली गॅस फारच कमी होतो. म्हणून सरकारी आराखड्यात शेण टाकीत किती दिवस राहावे याचे प्रदेशानुसार आकडे आहेत. दक्षिणेच्या उबदार भागात ३० दिवस, उत्तरेच्या मैदानात ४० आणि डोंगराळ थंड मुलखात ५५. जितके दिवस जास्त तितकी टाकी मोठी, आणि तितका खर्च मोठा. आपल्याकडच्या मापाची टाकी इथे बांधली तर जानेवारीच्या थंडीत घरधनीण चुलीकडेच वळेल.

सुरुवात माटुंग्याची

मुंबईच्या मंडळींना हे ऐकून बरे वाटेल. आपल्या देशात अशा वायूचा उपयोग केल्याची जी जुनी नोंद सांगितली जाते, ती माटुंग्याची आहे. तिथल्या महारोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून निघालेला वायू दिव्यांसाठी वापरला गेला. ज्यांना समाजाने घराबाहेर काढले होते, त्यांच्या मैल्याने दिवे लागले. ही गोष्ट विसरू नये.

पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीच्या संयंत्राचा आराखडा केला. त्याला ‘ग्रामलक्ष्मी’ म्हणत. विटांची विहीर, तिच्यावर उलटी घातलेली लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर उचलते, वापरला की खाली बसते. १९६० नंतर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने हा आराखडा गावोगाव नेला. गावाकडे ज्यांनी गोबरगॅस पाहिला असेल त्यांच्या डोळ्यांसमोर हीच काळी टोपी येईल.

टोपी लोखंडाची म्हणून महाग, आणि गंजणारी. त्यामुळे जमिनीत पुरलेल्या, विटांच्या पक्क्या घुमटाच्या टाक्या आल्या. १९७८ मध्ये उत्तर प्रदेशातील अजितमल केंद्रात ‘जनता’ आणि १९८४ मध्ये ‘अफप्रो’ या संस्थेचे ‘दीनबंधू’. हे स्वस्त पडले. पण घुमटाला केसाएवढी भेग गेली तरी गॅस निघून जातो, म्हणून गवंडी कसबी लागतो.

आपल्या महाराष्ट्रात या कामाला आणखी एक वाट फुटली. कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैल्याची घाण आणि मैला वाहण्याची सक्ती हे दोन्ही एकदम संपवण्याचा ध्यास घेतला होता. त्यांच्याकडून शिकून देहूचे डॉक्टर सुहास विठ्ठल मापुस्कर यांनी संडासाला जोडलेली गॅसची टाकी गावात रुजवली. तिचे नाव ‘मलप्रभा’. मापुस्करांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एका गावच्या दवाखान्यातला डॉक्टर लोकांना औषध देण्याऐवजी संडास आणि गॅस देत बसला, कारण आजार कुठून येतो ते त्याला समजले होते.

१९८१-८२ पासून केंद्र सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून अनुदान द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून देशात सुमारे ५० लाख घरगुती संयंत्रे बांधली गेली. त्यांत महाराष्ट्राचा वाटा ९ लाखांहून अधिक, म्हणजे सर्वांत मोठा. मी ‘बांधली गेली’ असे म्हणालो. ‘चालू आहेत’ असे म्हणालो नाही. या दोन क्रियापदांमध्ये जे अंतर आहे, तोच माझा विषय.

कागदावरचा हिशेब

हिशेब कागदावर फार गोड आहे. ताज्या शेणाच्या एका किलोपासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे २५ किलो शेणाला एक घनमीटर. खादी आयोगाच्या जुन्या कोष्टकाप्रमाणे एक घनमीटर गॅस म्हणजे ०.६२ लिटर रॉकेल, किंवा साडेतीन किलो लाकूड, किंवा १२ किलो गोवऱ्या, किंवा सिलिंडरमधला सुमारे ४३० ग्रॅम गॅस.

आता नीट पाहा. २५ किलो ओल्या शेणात चार हिस्से पाणी असते. थापून वाळवले तर पाच किलो गोवऱ्या होतील. त्याच शेणाचा गॅस मात्र १२ किलो गोवऱ्यांचे काम करतो, कारण चुलीत बरीचशी उष्णता वाया जाते आणि शेगडीत ती भांड्याला लागते. शिवाय गोवरी जाळली की राख उरते. गॅस जाळला तरी मळी शिल्लक राहते आणि नत्र त्या मळीत टिकते. एकाच शेणातून जळणही मिळते आणि खतही. धूर नाही, डोळ्यांची आग नाही, रात्रीचा खोकला नाही.

पाच-सात माणसांच्या घराला दोन घनमीटरची टाकी पुरते. तिला रोज ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे हवीत. दोन घनमीटर म्हणजे रोज ८६० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. १४.२ किलोचे एक सिलिंडर साडेसोळा दिवसांत वसूल. असा हिशेब मांडून दाखवला की ऐकणारा म्हणतो, वा, हा तर फुकटचा गॅस!

माझ्या भावालाही असेच वाटले होते.

घरची गोष्ट

आमचे घर सातारा जिल्ह्यातले. १९८६ साली थोरल्या भावाने अनुदान घेऊन दोन घनमीटरची तरंगत्या टोपीची टाकी बांधली. गावातली तिसरी. मी तेव्हा नोकरीवर पुण्यात. सुटीवर गेलो की वहिनी निळ्या ज्योतीवर चहा करून द्यायची आणि मी परत जाऊन सेक्शनमधल्या मित्रांना सांगायचो की आमच्याकडे गॅस फुकट आहे.

एकदा हे मी तिच्यासमोरच बोललो. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “भावजी, फुकट कसा? सिलिंडरवाला त्याचा ग्यास दारात आणून देतो. ह्यो ग्यास मी रोज वाहून आणती.”

मग मी पहिल्यांदा मोजले. रोज ५० किलो शेण गोठ्यातून कुंडीपाशी. तेवढेच पाणी आडावरून. दोन्ही हातांनी शेणकाला करायचा, त्यातले काडी-चिपाड आणि खडे वेचून काढायचे, मग डाट काढून आत सोडायचे. रोजचे १०० किलो. वर्षाचे ३६ टन. ती टाकी अकरा वर्षे चालली. अकरा वर्षांचे ४०० टन. रेल्वेच्या बंधूंना मी वेगळे सांगायला नको. एका बंदिस्त वाघिणीत साठेक टन माल धरला, तर माझ्या वहिनीने सहा-सात वाघिणींचा माल हाताने भरला. आणि अनुदानाच्या कागदांवर, पाहणीच्या अहवालावर, कुठेही तिचे नाव नव्हते. लाभार्थी म्हणून भावाचे नाव होते.

टाकी का बंद पडली? शास्त्र चुकले म्हणून नाही. टोपीला वर्षाला रंग द्यायचा असतो. पहिली काही वर्षे भावाने दिला, नंतर राहून गेले. हायड्रोजन सल्फाइड आणि ओल दोन्ही मिळून लोखंड खातात. टोपीला भोके पडली. ती सांधायला तालुक्याला न्यायची तर बैलगाडी आणि चार माणसे हवीत. ज्याने टाकी बांधली तो गवंडी बांधकामाचे पैसे घेऊन गेला होता. दुरुस्तीचे पैसे कोणाच्याच योजनेत नव्हते. तोवर वहिनीचे गुडघे गेले होते. सुनेने सांगितले की मी नोकरी करीन, शेण कालवणार नाही. तिचे काय चुकले? भावाने दोन म्हशी विकल्या आणि घरात सिलिंडर आला.

गावात त्या दहा वर्षांत सतरा टाक्या झाल्या होत्या. मी हिंडून विचारले. बहुतेक ठिकाणी हीच कहाणी होती. जिथे टाकी अजून चालू होती, तिथे घरातली दोन-तीन माणसे आळीपाळीने काम करीत, पुरुषही त्यात होते आणि मोटारीच्या पाण्याची नळी थेट कुंडीवर आणलेली होती. शेण तेच, जीवजंतू तेच. फरक एवढाच की कष्ट वाटून घेतले होते आणि थोडे हलके केले होते.

शेण कोणाचे?

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. ज्याच्याकडे चार-पाच जनावरे आहेत त्यालाच टाकी. ज्याच्याकडे एक शेळी आहे त्याचे काय? रस्त्यावरचे, माळावरचे शेण पाटीत गोळा करून गोवऱ्या थापणाऱ्या बाईचे काय? शेणाला मालक नव्हता तोवर ते तिचे जळण होते. शेणाला किंमत आली की मालक गोठ्याला कुंपण घालतो.

याचे एक उत्तर चंदीगडच्या शेजारीच मिळाले होते, फक्त ते शेणाचे नव्हते, पाण्याचे होते. संध्याकाळी तुम्ही सुखना तलावावर फिरायला जाल. १९५८ मध्ये बांधलेला हा तलाव शिवालिकच्या टेकड्यांवरून येणाऱ्या गाळाने भरत चालला होता. गाळ कुठून येतो हे मृदासंधारण केंद्राचे पी. आर. मिश्रा शोधत गेले, तेव्हा ते सुखोमाजरी या गावापाशी पोहोचले. उजाड टेकड्या, मोकाट चरणारी गुरे-शेळ्या. १९७६ पासून तिथे मातीचे छोटे बंधारे झाले. गावाने टेकडीवरची चराई थांबवावी, त्या बदल्यात बंधाऱ्याचे पाणी गावाला. पण मग भूमिहीन म्हणाले, आम्ही चराई सोडायची आणि पाणी जमीनवाल्याला, हे कसे? तेव्हा ठरले की पाण्यात प्रत्येक घराचा हक्क सारखा. जमीन नसेल त्याने आपला वाटा दुसऱ्याला विकावा. त्यानंतर टेकडीवर गवत आले, शेळ्यांच्या जागी म्हशी आल्या, गुरे गोठ्यात बांधली गेली. शेणही एका जागी पडू लागले. भूमिहीनाचा वाटा आधी मान्य केला, म्हणून पुढचे सगळे टिकले.

शेणाच्या बाबतीत असाच प्रयत्न कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील पुरा या गावी झाला. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या ‘अस्त्र’ गटाने तिथे सार्वजनिक टाकी बांधली. पहिला बेत घरोघर स्वयंपाकाचा गॅस देण्याचा होता. तेवढे शेणच गावात नव्हते. बेत फसला. तो मागे घेऊन त्यांनी गावालाच विचारले. गाव म्हणाले, आम्हाला पिण्याचे पाणी आणि दिवे हवेत. १९८७ पासून गॅसवर इंजिन चालवून पाणी आणि वीज दिली. जो शेण आणून देईल त्याला किलोमागे पैसे, जेवढे शेण दिले त्या प्रमाणात मळी परत, आणि टाकी चालवायला गावातलेच दोन तरुण पगारावर. ती व्यवस्था कैक वर्षे चालली. शेण वाहणाऱ्याला मोबदला आणि चालवणाऱ्याला पगार, हे दोन कलम हिशेबात पहिल्या दिवसापासून होते. कामगार संघटनेने टाळी वाजवावी अशी ही गोष्ट आहे.

पंजाबने काय पाहिले

पंजाबची या विषयातली यंत्रणा ‘पेडा’, तिचे कार्यालय याच शहरात सेक्टर ३३ मध्ये आहे. लुधियानाच्या हैबोवालमध्ये शेकडो म्हशींच्या डेअऱ्या एका जागी आल्या आणि त्यांचे शेण बुढ्ढा नाल्यातून सतलजकडे वाहू लागले. त्यावर उपाय म्हणून ‘पेडा’ने तिथे रोज सुमारे २३५ टन शेणावर चालणारे एक मेगावॅटचे वीजकेंद्र उभारले. ते २००४ मध्ये सुरू झाले. नाल्याच्या घाणीची तक्रार मात्र त्याने मिटली नाही, ती आजही पंजाबच्या वर्तमानपत्रांत येत असते. एक केंद्र उभारले म्हणजे हजारो गोठ्यांतले शेण रोज वेळेवर त्याच्या दारात येत नाही. ते कोणीतरी भरावे लागते, कोणीतरी वाहावे लागते.

आता काळ मोठ्या कारखान्यांचा आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ‘सतत’ योजना आणली. शेण, उसाची मळी, शहराचा ओला कचरा, भाताचा पेंढा यांपासून गॅस करायचा, शुद्ध करून दाबाने भरायचा आणि मोटारींना विकायचा. २०२२ मध्ये इंदूरला रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचे संयंत्र सुरू झाले. त्याच वर्षी पंजाबात संगरूर जिल्ह्यातील लहरागागा येथे भाताच्या पेंढ्यापासून रोज ३३ टन गॅस करणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. शेतात पेंढा जाळला की दिल्लीपर्यंत धूर जातो, तेव्हा या कामाची गरज कोणी नाकारणार नाही.

पण २०२४ मध्ये लुधियाना जिल्ह्यातील काही गावांनी अशाच कारखान्यांविरुद्ध धरणे धरले. वास येईल, पाणी नासेल, आम्हाला कोणी विचारले नाही, हे त्यांचे म्हणणे. त्यांची प्रत्येक भीती खरी की खोटी हा निवाडा मी इथे करणार नाही. एवढेच म्हणतो की ज्याच्या दारात कारखाना येणार त्याला शेवटी सांगितले, तर तो विरोधच करील. पुरा गावात आधी विचारले होते.

आपल्या डब्याखालची टाकी

आता रेल्वेकडे वळतो. बंधूंनो, गोबरगॅसची धाकटी बहीण तुमच्या रोजच्या कामात आहे. डब्याखालचे बायो-टॉयलेट. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने सीमेवरच्या बर्फाळ चौक्यांसाठी ज्या जिवाणूंवर काम केले, तेच तंत्र रेल्वेने घेतले. २०११ मध्ये ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्स्प्रेसला अशा टाक्या लागल्या आणि पुढच्या दहा वर्षांत त्या देशभरच्या डब्यांना लागल्या. तीच बंद टाकी, तेच हवेवाचून जगणारे जीव. फरक असा की इथे गॅस साठवत नाहीत, तो हवेत जातो, आणि पाणी निर्जंतुक करून खाली सोडतात.

रुळांवर पडणारी घाण थांबली. ती घाण हाताने आणि झाडूने काढणारे, पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजाचे आपले सफाई कामगार होते, हे लक्षात घेतले तर ही मोठी सुधारणा आहे. कोणी तिला नावे ठेवू नयेत.

पण पुढे काय झाले? महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात सुमारे २५ हजार बायो-टॉयलेट तपासली. वर्षभरात त्यांत जवळजवळ दोन लाख दोष नोंदले गेले होते, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक तुंबण्याचे. प्रवासी बाटल्या, चहाचे कप, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कापड काहीही आत टाकतात. माझी वहिनी कुंडीतून चिपाडे वेचून काढी. इथे टाकीतून बाटल्या कोण वेचून काढतो? यार्डातला माणूस, बऱ्याच ठिकाणी कंत्राटदाराकडचा. रुळांवरचे काम गेले, असे आपण म्हणतो. त्यातले काही काम रुळांवरून डब्याखाली सरकले. यंत्र आले म्हणजे हात सुटले असे होत नाही. हात कुठे गेला ते शोधावे लागते.

खड्ड्यात उतरू नका

आता ज्या गोष्टीकडे शेवटी येईन म्हणालो होतो ती सांगतो. कृपा करून ही गावाकडे पोहोचवा.

गॅसची टाकी साफ करायला माणूस आत उतरतो आणि बेशुद्ध पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी उतरतो. एका घरातली दोन-तीन माणसे अशी गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. टाकी रिकामी दिसते, पण रिकामी नसते. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हवेला हुसकून लावतात. मळी ढवळली की तिच्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. थोडा असताना त्याचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला, असे समजणारा मरतो. आत दिवा किंवा काडी नेऊन पाहण्याचा खुळेपणाही करू नये. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला की तो भडकतो.

आमची टाकी बंद करायची ठरली तेव्हा पुतण्या दोरी बांधून उतरायला निघाला होता. वहिनीने त्याचा हात धरला आणि म्हणाली, “गाळ गेला खड्ड्यात. तू वर ये.” ती टाकी वरूनच मळी काढून मातीने बुजवली. नुकसान झाले ते विटांचे.

शहरातल्या गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत हेच वायू आणि हेच मरण आहे. २०१३ मध्ये हाताने मैला साफ करवून घेण्यास बंदी करणारा कायदा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या वारसांना १० लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. भरपाई मिळवणे हे संघटनेचे काम आहेच. पण भरपाई मागण्याची वेळ न येऊ देणे हे त्याहून मोठे काम आहे.

आपण काय करायचे

मी तुम्हाला गोबरगॅसच्या विरोधात काही सांगितले, असा समज करून घेऊ नका. मी त्याच्या बाजूचा आहे. उघड्या उकिरड्यातून सुटणारा मिथेन हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट जोरकस असतो. तो पकडून जाळणे शहाणपणाचे आहे. आणि आता शेणच हवे असेही नाही. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी उरलेल्या अन्नावर चालणारी छोटी घरगुती टाकी केली, तिला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे ओल्या कचऱ्याचे संयंत्र विकसित केले. रेल्वे वसाहती, उपाहारगृहे, रनिंग रूम, टपाल वसाहती अशा ठिकाणी ओला कचरा भरपूर आहे. उद्या प्रशासन म्हणेल, इथे गॅस करू. आपण ‘हो’ म्हणावे. पण त्याच बैठकीत चार प्रश्न विचारावेत.

पहिला, ते चालवणार कोण? त्याचे नाव, त्याचे पद, त्याचा पगार बांधकामाच्या अंदाजपत्रकातच दाखवा. ‘विद्यमान कर्मचाऱ्यांकडून करून घेण्यात येईल’ हे वाक्य आले की समजा, सहा महिन्यांत टाकी बंद.

दुसरा, दुरुस्तीची तरतूद किती वर्षांची?

तिसरा, गॅस आणि मळी कोणाला मिळणार? वसाहतीत झाडू मारणाऱ्याचा त्यात वाटा आहे का?

चौथा, टाकीत माणूस न उतरता ती साफ कशी होणार? याचे उत्तर नसेल तर ती बांधू नका.

टपालातल्या साथींना एक विशेष सांगणे. आपल्या ग्रामीण डाक सेवकांचे खात्यातले काम दिवसाचे चार-पाच तासांचे, आणि दुसरी उपजीविका असावी अशी खात्याचीच अट. त्यांच्यातल्या कित्येकांच्या दारात जनावरे आहेत. गावात योजना आली की कागद वाचून दाखवायला लोक त्यांच्याकडेच येतात. त्यांनी अनुदानाच्या अर्जाबरोबर एवढे विचारावे, ‘घरात शेण कोण कालवणार?’ आणि अर्जावर तिचेही नाव घालायला लावावे.

आणि एक शेवटचे, ते मागणीपत्रात बसत नाही. आपण आठ तासांच्या कामासाठी लढलेल्या चळवळीचे वारस. आपल्याच घरी मात्र एक बाई अकरा वर्षे सुटीशिवाय ४०० टन वाहत होती आणि मी, संघटनेचा शाखा चिटणीस, त्याला फुकट म्हणत होतो. मला हे कळायला तिचे एक वाक्य लागले. तुम्हाला माझे भाषण ऐकावे लागले. आता घरी गेल्यावर तुमच्याकडचे काय काय ‘फुकट’ आहे ते एकदा मोजून पाहा.